खानदेशातलं जुनं जंगल: पाल, पाटणादेवी की तोरणमाळ, आणि मुख्य म्हणजे कधी?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. माहेर धुळ्याचं, राहायला पुण्यात. दिवाळीच्या सुट्टीत धुळ्याला येणार, त्यातले दोन दिवस जंगलासाठी काढलेत. सोबत नऊ वर्षांचा मुलगा आणि गुडघे दुखणाऱ्या सासूबाई. ताडोबाचं बुकिंग मिळालं नाही, तेव्हा आपल्या खानदेशातच जुनं घनदाट जंगल आणि प्राणी दोन्ही बघायला मिळतील असं ठिकाण कोणतं: यावल अभयारण्य (म्हणजे पालची बाजू), पाटणादेवी की तोरणमाळ?

माझी वनखात्यातली नोकरी सातपुड्यात गेली, आधी वनरक्षक म्हणून, पुढे वनपाल म्हणून. निवृत्तीनंतरही लोकांना घेऊन जंगलात जाणं चालूच आहे. हा प्रश्न मला दर दिवाळीला आणि दर मे महिन्यात कुणी ना कुणी विचारतं, आणि बहुतेकांची अडचण तुमच्यासारखीच असते. ठिकाण निवडणं त्यात सोपं आहे. अवघड असं की घनदाट जंगल आणि डोळ्यांना दिसणारे प्राणी या दोन गोष्टी आपल्याकडे एकाच महिन्यात मिळत नाहीत. कशासाठी जायचं हे आधी ठरवलं तर ठिकाण आपोआप ठरतं.

आपलं जंगल शुष्क पानझडीचं आहे. खानदेशात वर्षाकाठी ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही चार महिन्यांत पडून जातो. उरलेले आठ महिने झाडांना साठ्यावर काढायचे असतात, म्हणून ती पानं टाकून देतात. श्रावणात जाल तर डोंगर इतका हिरवा असतो की पाच पावलांपलीकडचं दिसत नाही. गवत कमरेला लागतं, सागाची पानं सुपाएवढी असतात, जागोजागी ओहोळ वाहतात. प्राण्याला त्या दिवसांत कुठेही पाणी मिळतं आणि लपायला कुठेही जागा मिळते. तो तुमच्यापासून वीस फुटांवर उभा असला तरी तुम्हाला कळणार नाही. याच्या उलट चैत्र-वैशाखात सगळं उघडं पडतं. पाणी मोजक्या डोहांत आणि झिऱ्यांत उरतं, आणि जंगलातल्या प्रत्येक जिवाला तिथे यावंच लागतं. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावर मचाण बांधून प्राण्यांची नोंद घेतात ती याच कारणासाठी. पण त्या दिवसांत पहिल्यांदा आलेला माणूस मला हमखास विचारतो, "हे जंगल आहे? हे तर वाळून गेलंय." वाळलेलं काही नसतं. फक्त ते तुमच्या मनातल्या चित्रासारखं दिसत नाही.

दिवाळी या दोन टोकांच्या मधे येते. पाऊस संपलेला, नाल्यांना अजून पाणी, झाडांवर पानं आहेत, सकाळी गारवा, फुलपाखरं भरपूर. चालायला याहून चांगला काळ नाही. पण गवत अजून उभं असतं आणि पाणी सगळीकडे असतं, त्यामुळे मोठा प्राणी दिसण्याची आशा धरून मुलाला आणू नका. त्याला आधीच सांगा की आपण जंगल बघायला, पक्षी बघायला आणि प्राण्यांच्या खुणा वाचायला चाललोय. मुलं हे मोठ्यांपेक्षा लवकर स्वीकारतात.

आता "जुनं जंगल" म्हणजे काय, ते सांगतो. हे नीट कळलं नाही तर सातपुड्यात दोन दिवस फिरूनही ते बघायचं राहून जाईल.

रस्त्याच्या कडेने गाडीतून जे सागाचं जंगल दिसतं, त्यातलं बरंचसं जुनं नाही. इंग्रजांच्या काळात इमारती लाकडासाठी आणि रेल्वेच्या स्लीपरसाठी सातपुड्यातला साग तुटला. पुढे कूप, म्हणजे तोडीचे तुकडे, पाडून पाळीपाळीने तोड होत राहिली. त्यानंतर चोरटी तोड आणि अतिक्रमणं यांनी यावलच्या रानाचं फार नुकसान केलं, ते मी डोळ्यांनी बघितलंय. साग तोडला तर खुंटातून पुन्हा फुटतो. बुंध्याशी वाकडा, एका खुंटातून दोन-तीन धांडे निघालेले, सगळे एकाच जाडीचे असे साग दिसले की समजा, हा खुंटफुटवा आहे. सरळ ओळीत, सारख्या अंतरावर, सारख्या उंचीचे साग दिसले तर ती लागवड. दोन्ही हिरवं दिसतं, पण जुनं नव्हे.

जुन्या जंगलात सगळ्या वयाची झाडं एकत्र असतात आणि जाती मिसळलेल्या असतात. सागाबरोबर धावडा, सालई, ऐन, हेद, तिवस, बिबला, मोह, टेंभुर्णी, चारोळी, बेहडा. खडकाळ उतारावर अंजन. अंजन हे खास आपल्याकडचं झाड म्हणायला हरकत नाही. जिथे माती म्हणून नाही, नुसता मुरूम आणि खडक, तिथेही तो उभा राहतो. त्याचं पान दोन पाकळ्यांचं असतं, पंख मिटलेल्या फुलपाखरासारखं, आणि उन्हाळ्याच्या तोंडाला तांबूस पालवी फुटली की अख्खा उतार तांब्याचा दिसतो. लाकूड इतकं जड की पाण्यात टाकलं तर बुडतं. पांढरट, गुळगुळीत बुंध्याचा, चांदण्यात चमकणारा कांडोळ दिसला तर मुलाला दाखवा. पाहुणे त्याला भुताचं झाड म्हणतात. डिंकासाठी त्याला फार घाव सोसावे लागलेत.

पण जुन्या जंगलाची सगळ्यात खात्रीची खूण म्हणजे ढोली. जुनी फांदी मोडते, तिथे पाणी मुरतं, बुरशी लागते, सुतारपक्षी चोच मारतो, आणि काही दशकांनी बुंध्यात पोकळी तयार होते. तीस वर्षांच्या लागवडीत ढोली सापडत नाही, कारण झाडाला तेवढं वयच नसतं. त्या पोकळीत पोपट राहतात, पिंगळे राहतात, घोरपड शिरते, उदमांजर झोपतं, सातेरी मधमाश्या पोळं करतात. वाळून उभं असलेलं झाड आणि आडवा पडलेला कुजका ओंडकाही तितकाच मोलाचा. वाळवी तिथे, वाळवीमागे अस्वल तिथे. एके काळी खात्यात मार्किंगचा हातोडा घेऊन निघालं की वाकडं, पोकळ, मेलेलं झाड आधी तोडीला लावायची पद्धत होती, कारण त्याच्यातून लाकूड निघत नसे. जंगल "साफ" व्हायचं आणि ढोल्या जायच्या. ते आता थांबलंय, पण गेलेली ढोली परत यायला दोन पिढ्या लागतात.

मग असं जंगल आज कुठे उरलंय? सलग पट्टा शोधू नका, तो फार थोड्या ठिकाणी आहे. उरलंय ते तीन प्रकारच्या जागी: बैलगाडी पोचली नाही अशा खोल दऱ्यांत, देवस्थानांच्या आसपास जिथे लोकांनी कुऱ्हाड चालवली नाही तिथे, आणि नाल्यांच्या काठाने. त्यातला तिसरा प्रकार तुमच्यासाठी सगळ्यात सोयीचा. नाल्याकाठी अर्जुनसादडा, जांभूळ, करंज, उंबर, रानआंबा यांची थोराड झाडं असतात. मुळं पाण्यापर्यंत गेलेली, म्हणून मे महिन्यातही हिरवी. अर्जुनाचा बुंधा पांढुरका, सालपटं सुटलेला, आणि कित्येक ठिकाणी दोन माणसांच्या कवेत न मावणारा. वरचा डोंगर पिवळा पडला तरी खाली नाल्यात सावली, ओल आणि पक्षी असतात. स्वर्गीय नर्तक, हळद्या, तांबट, क्वचित मत्स्यघुबड. म्हणून मी सगळ्यांना एकच सांगतो: तीन ठिकाणं गाडीतून बघू नका, एका नाल्याने एक सकाळ चाला.

आता तुमची तीन ठिकाणं.

तोरणमाळ मी तुमच्या यादीतून काढतो. जागा अप्रतिम आहे, साधारण ११५० मीटर उंचीवर, महाराष्ट्रातल्या सर्वांत उंच थंड हवेच्या ठिकाणांपैकी एक. यशवंत तलाव, सीताखाई, आणि खाली उतरणाऱ्या दऱ्यांत मोह, आंबा, चारोळीचं चांगलं रान. पण शहाद्याहून पुढे आणखी ५०-५५ किलोमीटर आणि शेवटचा घाट वळणावळणांचा. धुळ्याहून निघून दोन दिवसांत सासूबाईंना घेऊन जायचं म्हटलं तर निम्मा वेळ गाडीत जाईल. तीन-चार दिवस मोकळे असतील तेव्हा जा.

यावल अभयारण्य १९६९ सालचं, १७७ चौरस किलोमीटरहून थोडं मोठं, सातपुड्याच्या दक्षिण उतारावर मध्य प्रदेशच्या हद्दीला लागून. त्याचं दार म्हणजे पाल. सावदा-खिरोदा मार्गे किंवा रावेरकडून पालला चढता येतं. गाव डोंगरातल्या वाटीत बसलंय, हवा खालच्या केळीपट्ट्यापेक्षा गार, सुकी नावाची नदी जवळून वाहते आणि खाली गारबर्डी धरणात अडते. आत जामन्या, गाडऱ्या, लंगडा आंबा ही नावं ऐकाल. त्या बाजूला रान चांगलं आहे, पण रस्ता खडबडीत आणि वाटाड्याशिवाय जाण्यासारखा नाही. प्राणी आहेत: बिबट्या, अस्वल, तरस, रानकुत्रे, सांबर, भेकर, चौशिंगा, नीलगाय, रानडुक्कर, साळिंदर. संख्या मात्र ताडोबा-मेळघाटच्या मानाने विरळ, आणि माणसाला बुजलेले. त्यांनी पिढ्यानपिढ्या माणसाच्या हातून जे सोसलंय ते लक्षात घेतलं तर बुजणं रास्तच आहे.

पाटणादेवी म्हणजे गौताळा औट्रमघाट अभयारण्याची चाळीसगावकडची बाजू. अभयारण्य १९८६ सालचं, सुमारे २६० चौरस किलोमीटर. मोठा भाग वर मराठवाड्यात, पण पायथ्याची ही खोरी आपल्या जळगाव जिल्ह्यात. चाळीसगावाहून १८-२० किलोमीटर. अजिंठ्याच्या डोंगराचे उभे कडे तिन्ही बाजूंनी, मधे डोंगरी नावाची नदी, आणि नदीकाठी यादवकाळातलं चंडिकादेवीचं दगडी मंदिर. या पाटणला गणिती भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला होता, तसा शिलालेख इथे सापडला आहे, डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला. नऊ वर्षांच्या मुलाला गणित आवडत असो वा नसो, "सिद्धान्तशिरोमणी" इथे शिकवलं जायचं हे त्याला ऐकवा. २०२१ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वरहून चालत निघालेला एक वाघ या गौताळ्यात कॅमेऱ्यात टिपला गेला होता. एवढा मोठा प्राणी इतकी शेती, इतके रस्ते ओलांडून इथे पोचतो याचा अर्थ डोंगराची रांग अजून पूर्ण तुटलेली नाही. अजून.

माझं स्पष्ट मत: दिवाळीत पाटणादेवी करा, आणि पाल फेब्रुवारीच्या शेवटी. कारण सांगतो. धुळ्याहून चाळीसगाव तास-दीड तासावर आहे, म्हणजे सासूबाईंना एका दमात नेता-आणता येईल. मंदिराच्या बरंच जवळपर्यंत गाडी जाते, त्यांना सावलीत बसायला जागा आहे, दर्शन होईल. तुम्ही, तुमचे मिस्टर आणि मुलगा तेवढ्यात नदीच्या पात्राकाठाने वर चालत जाऊ शकता. केदारकुंड, धवलतीर्थ या बाजूंना दिवाळीपर्यंत पाणी टिकलं असेल की नाही हे त्या वर्षीच्या परतीच्या पावसावर अवलंबून आहे. परतीचा पाऊस चांगला झाला तर धार असते, नाहीतर नुसती ओल. पितळखोऱ्याची लेणी वरच्या अंगाला आहेत, फार जुनी बौद्ध लेणी, पण चढ आहे. मुलगा चढेल, सासूबाईंना आग्रह करू नका.

पालला फेब्रुवारीअखेर का? कारण तेव्हा सागाची पानं गळत आलेली असतात, दृष्टी लांब जाते, पळस आणि काटेसावर फुललेली असते, पाणी नाल्यांच्या डोहांत आटत आलेलं असतं, आणि ऊन अजून मारक झालेलं नसतं. एप्रिल-मेत भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या पुढे जातो. त्या उन्हात लहान मूल आणि म्हातारं माणूस घेऊन यायचा विचारही करू नका, मग प्राणी कितीही दिसोत. आणखी एक, होळीच्या आधीच्या आठवड्यात सातपुड्यातल्या गावांना भोंगऱ्या बाजार भरतो. पावरा-बारेला या आदिवासी समाजाचा तो वर्षातला सर्वांत मोठा बाजार. ढोल, पावरी, चांदीचे दागिने, माणसांचा पूर. जमलं तर जरूर बघा, पण विचारल्याशिवाय कुणाचा, विशेषतः मुलींचा, फोटो काढू नका.

आणि पालला यायचं तर रानपिंगळ्यासाठी या. खानदेशात बिबट्यापेक्षा मोलाचं काही असेल तर तो हा एक वीतभर घुबडजातीचा पक्षी.

रानपिंगळ्याची शास्त्रीय नोंद १८७३ ची, पक्षीतज्ज्ञ ह्यूमने केलेली. १८८४ नंतर तो कुणालाच सापडला नाही. मधे १९१४ सालचा म्हणून एक नमुना दाखवला जायचा, पण तो एका ब्रिटिश संग्राहकाने चोरून, खोटी माहिती लावून ठेवलेला निघाला, आणि त्यामुळे शोधणारे भलत्याच जागी शोधत राहिले. शेवटी नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट या तिघांना तो आपल्या शहाद्याजवळच्या रानात दिसला. ११३ वर्षांनी! जग ज्याला संपला असं समजत होतं तो आपल्या तापीखोऱ्यात सकाळच्या उन्हात बसलेला होता. पुढे तोरणमाळ, यावल, मेळघाट अशा ठिकाणी त्याच्या आणखी नोंदी झाल्या.

तो ओळखायचा कसा? आपल्या गावातला ठिपकेवाला पिंगळा तुम्ही पाहिलेला असेलच, त्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके ठळक असतात. रानपिंगळ्याचं डोकं मोठं, आणि त्यावर ठिपके जवळपास नसतात. छातीवर तपकिरी पट्टा, खाली पोट स्वच्छ पांढरं, शेपटीवर रुंद पट्टे, पायाच्या बोटांपर्यंत दाट पिसं. आणि हा दिवसा वावरतो. सकाळी आठ-साडेआठला ऊन आलं की उघड्या फांदीवर येऊन बसतो, पाठ उन्हाला देतो आणि शेपटी डावी-उजवी झटकन हलवतो. ती शेपटीची हालचाल एकदा पाहिली की पुन्हा चूक होत नाही. नजर मात्र खाली जमिनीवर. सरडा, सापसुरळी, नाकतोडा, उंदीर हलला की सरळ खाली झेप. म्हणजे त्याला मोकळी जमीन हवी, बसायला उघडी फांदी हवी आणि घरट्यासाठी जुनी ढोली हवी. वर ढोलीबद्दल एवढं सांगितलं ते यासाठीच. ढोल्या गेल्या तर हा पक्षी जाणार, दुसरं काही करून तो टिकणार नाही.

एक कळकळीची विनंती. मोबाइलवर त्याचा आवाज वाजवून त्याला बोलावू नका, आणि कुणी वाटाड्या "आवाज लावतो, लगेच येईल" म्हणाला तर त्याला थांबवा. ऑक्टोबरपासून त्यांचा विणीचा हंगाम सुरू होतो. आवाज ऐकून नराला वाटतं आपल्या हद्दीत दुसरा शिरला. तो ढोली सोडून भांडायला येतो, आणि इकडे अंडी-पिल्लं उघडी पडतात. ढोली सापडली तर तिच्यासमोर उभं राहू नका, लांबून दुर्बिणीने बघून पुढे निघा. घरट्याची जागा फोटोसह कुठे टाकू नका. घुबडांच्या मागे जादूटोणावाले अजूनही असतात.

इथपर्यंत काय ठरलं ते एकदा बघू: दिवाळीत पाटणादेवी, नदीच्या काठाने, मोठ्या प्राण्याची अपेक्षा न ठेवता. रानपिंगळा आणि जरा उघडं रान बघायला फेब्रुवारीअखेर पाल. तोरणमाळ सवडीने.

मुलासाठी मी काय करतो ते सांगतो, कारण दोन तास "शू, शांत" ऐकून मूल कंटाळतं. पाण्याच्या कडेला ओल्या गाळाची एक पट्टी असते, हातभर रुंद. तिथे त्याला उकिडवं बसवा. आदल्या रात्रीची सगळी ये-जा तिथे लिहिलेली असते. चार बोटं गोल बसलेली आणि नखांची खूण नाही, तर मांजरकुळातला: मोठा असेल तर बिबट्या, लहान असेल तर रानमांजर. नखं उमटलीत, आणि पुढच्या पायाचा ठसा मागच्यापेक्षा चांगलाच मोठा, तर तरस. पाच बोटं, त्यांच्या पुढे लांब नखांचे ओरखडे, आणि मागचा पाय माणसाच्या पावलासारखा, तर अस्वल. दोन नाजूक खूर, बोटाच्या पेराएवढे, तर भेकर. पायवाटेवर खडूसारखी पांढरी विष्ठा दिसली तर ती तरसाची, हाडं खाऊन खाऊन पांढरी झालेली. बोराच्या बियांनी भरलेला ढीग अस्वलाचा. वहीत प्रत्येक ठसा काढायला लावा, शेजारी पेन्सिल ठेवून मोजायला लावा. मग वर झाडावर वानर खोकल्यासारखं ओरडलं, पाठोपाठ मोर केकाटला आणि भेकर भुंकलं, तर थांबायचं. तिघांनी मिळून कुणाला तरी पाहिलंय. ती दोन मिनिटं मुलगा आयुष्यभर विसरणार नाही.

धोक्यांबद्दल उगाच घाबरवत नाही, पण चार गोष्टी ठाम सांगतो. पाटणादेवीच्या कड्यांवर आग्यामोहोळं असतात. अत्तर, बॉडीस्प्रे लावून जाऊ नका, धूर करू नका, खाली उभं राहून आरडाओरडा आणि दगडफेक तर नाहीच. आग्या उठला तर नदीत उडी मारून भागत नाही, तोंड-डोकं झाकून लांब पळावंच लागतं. दुसरं, अस्वल. बिबट्या माणसाला टाळतो; अस्वल अचानक समोरासमोर आलं तर घाबरून अंगावर येतं. मोहाची फुलं पडतात त्या दिवसांत, मार्च-एप्रिलमध्ये, पहाटे मोहाखाली गावातली माणसंही असतात आणि अस्वलंही. त्या वेळी एकट्याने रानात शिरायचं नाही, वाटाड्या पुढे हवा. तिसरं, दिवाळीत गवत उभं असतं, म्हणून पायात बूट आणि लांब पँट. दगडाखाली, बिळात हात घालायचा नाही. घोणस आणि फुरसं दोन्ही आपल्याकडे आहेत. घरी आलात की मुलाचे कान, काख, कमर तपासा, गोचीड तिथे चिकटतो. चौथं, काडी-विडी. हिवाळ्यानंतर वाळलेल्या पाचोळ्यावर पडलेली एक ठिणगी अख्खा डोंगर घेते, आणि वणवा विझवायला वनमजूर झाडाच्या ओल्या फांद्या घेऊन उतरतात. ते काम काय असतं ते मी केलंय.

वाघाचं विचारलं नाहीत, पण नातेवाईक सुचवतीलच, म्हणून लिहितो. मुक्ताईनगर तालुक्यात वढोदा-डोलारखेड्याच्या बाजूला वाघ आहेत हे खरं आहे. मेळघाट-अंबाबरवाकडून येणारा जंगलाचा पट्टा तिथे उतरतो आणि ते केळीच्या बागांतही वावरतात. तो भाग मुक्ताई-भवानी संवर्धन राखीव म्हणून घोषित आहे. पण तिथे वाघ बघायला गाड्या घेऊन जाऊ नका. ती लोकांची शेतं आहेत. तिथला शेतकरी रात्री पाणी द्यायला जीव मुठीत धरून जातो. आपण गर्दी करून वाघाला बुजवला तर तो नेमका त्याच्या अंगावर जाईल.

परवानगीचं सांगायचं तर दोन्ही अभयारण्यांत प्रवेशाची नोंद करावी लागते आणि सूर्यास्ताच्या आत बाहेर पडावं लागतं. फी, गाडी आत कुठवर सोडतात, मुक्कामाची खोली मिळेल का, हे हंगामाप्रमाणे बदलतं. म्हणून निघण्याच्या आठवडाभर आधी वनपरिक्षेत्र कार्यालयाला फोन करा. पालला वन्यजीव विभागाचं कार्यालय गावातच आहे. वाटाड्या घ्याच. गावातला पावरा किंवा बारेला तरुण मिळाला तर उत्तम, आणि त्याच्याशी पैशांची घासाघीस करू नका. जंगल राखून त्याच्या घरात दोन पैसे आले तर ते राखलं जाईल, एवढा साधा हिशेब आहे. त्याला म्हणायचं, "भाऊ, प्राणी नाही दिसले तरी चालेल, जुनी झाडं असलेल्या नाल्याने ने." तो तुमच्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघेल आणि मग खरंच चांगल्या जागी नेईल.

दिवाळीतला दिवस असा काढा. भाऊबीज आणि त्यानंतरचा रविवार टाळा. पाटणादेवीला त्या दोन दिवशी सहलींची गर्दी असते आणि लाउडस्पीकर वाजतात. धुळ्याहून पहाटे साडेपाचला निघा, सातपर्यंत पोचा. सासूबाईंचं दर्शन उरकून त्यांना सोबतीने मंदिराच्या आवारात बसवा, शाल आणि थर्मास द्या, आणि तुम्ही तिघं लगेच नदीच्या काठाने वर निघा. पहिले दोन तास महत्त्वाचे. दहानंतर पक्षी गप्प होतात. खाण्याच्या पिशव्या बॅगेच्या आत ठेवा, हातात दिसली की वानरं ओढतात, आणि एकदा खायला दिलं की ती पुढच्या प्रत्येक लहान मुलाच्या अंगावर जातात. साडेदहा-अकराला परत या, दुपारचं जेवण चाळीसगावात.

दुसरा दिवस सासूबाईंसाठी ठेवायचा असेल आणि त्यांना पालपर्यंतचा प्रवास नको असेल, तर हिवाळ्यात कधीतरी हतनूर धरण आणि चांगदेव हे गाव जोडून करा. तापी-पूर्णेचा संगम, चांगदेवाचं जुनं मंदिर, आणि डिसेंबर-जानेवारीत धरणाच्या पाण्यावर उतरलेली बदकं. गाडीतून फार चालावं न लागता बघता येतात. दिवाळीत मात्र ती अजून पुरती आलेली नसतात, म्हणून या खेपेला ते राहू द्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाटणादेवीलाच जा, आदल्या दिवशीच्याच नाल्याने, फक्त अर्धा तास आधी. गाळावरचे ठसे नवे असतील, आणि मुलाजवळ कालचे वहीत असतील, तेव्हा रात्री कोण आलं होतं हे तो स्वतः सांगेल.